शब्दकोड्यातील घर आणि मराठी अक्षर

वर्तमानपत्रातील अग्रलेखावर टीका होते, बातमीवर होते, रविवारच्या पुरवणीतील कवितेवरही होते. परंतु त्याच कागदाच्या एका कोपऱ्यात रोज छापल्या जाणाऱ्या शब्दकोड्याचे परीक्षण केल्याचे क्वचितच आढळते. हा विषय टीकाकाराच्या योग्यतेचा नव्हे, असा समज याच्या मुळाशी असावा. आम्हांस तो मान्य नाही. अग्रलेख न वाचताही वर्तमानपत्र वाचल्याचे समाधान पुष्कळांस मिळते. शब्दकोडे मात्र वाचकाने लेखणी हाती घेतल्यावाचून पुरेच होत नाही. अमुक शब्दाचा अर्थ कोणता, तो लिहावा कसा, त्याला दुसरा पर्याय आहे की नाही, या प्रश्नांचा विचार शाळा सुटल्यानंतर सामान्य गृहस्थ जर कोठे नित्यनेमाने करीत असेल, तर तो या चौकटीपुढे बसूनच. इतक्या लोकांच्या भाषाज्ञानाशी ज्याचा रोजचा संबंध, त्याचे गुणदोष पाहणे हे वाङ्मयविवेचनाच्या कक्षेबाहेरचे खचित नाही.

या खेळाचा जन्म परभाषेत झाला. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन याने पहिले शब्दकोडे छापले. विन हा मूळचा लिव्हरपूलचा, आणि त्याच्या त्या पहिल्या कोड्याची आकृती चौकोनी नसून शंकरपाळ्यासारखी होती. पुढे लंडनच्या 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० पासून रोजचे कोडे सुरू केले आणि त्या खेळास एक प्रकारची प्रतिष्ठा प्राप्त झाली. मराठी दैनिकांनी हीच चौकट घेतली: आडवे शब्द, उभे शब्द, काळी घरे, पांढरी घरे, आणि उत्तर दुसऱ्या दिवसाच्या अंकी. चौकट घेण्यात गैर काहीच नाही. नाटकाची रंगभूमी व कादंबरीचा घाटही आपण असाच घेतला आणि आपलासा केला. प्रश्न एवढाच की, शब्दकोड्याची चौकट आपण आपलीशी केली आहे काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. पुणे जिल्ह्यातील शेजारशेजारचे दोन तालुके घ्या: बारामती आणि इंदापूर. नीरा नदी या दोहोंच्या कडेने वाहते आणि नीरा डावा कालवा दोहोंची जमीन भिजवतो. भूगोलात इतकी जवळीक असलेली ही दोन नावे शब्दकोड्यात एकमेकांस छेदतील काय? रोमन लिपीत लिहिल्यास बारामतीची आठ अक्षरे होतात, इंदापूरची सात; आणि त्यांत 'ए', 'आर' व 'आय' ही तीन अक्षरे दोन्हीकडे सापडतात. इंग्रजी कोडेकार वाटेल त्या घरात त्यांची गाठ घालून देईल. आता तीच नावे देवनागरीत मांडा: बा, रा, म, ती; इं, दा, पू, र. एकही अक्षर समान नाही! बारामतीत 'रा' आहे, इंदापुरात 'र' आहे. कानाएवढे अंतर, पण ते कोड्याच्या घरात ओलांडता येत नाही.

यातच सर्व अडचणीचे बीज आहे. इंग्रजी चौकटीचे घर एका वर्णाचे असते. मराठी चौकटीचे घर एका अक्षराचे, म्हणजे व्यंजन आणि त्यास जडलेला स्वर यांचे मिळून असते. इंग्रजी कोडेकारास सव्वीस वर्णांत सारा व्यवहार करावयाचा असतो. मराठी कोडेकारापुढे तीसहून अधिक व्यंजनांची बाराखडी उभी असते. तिचीच तीनशेहून जास्त अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे निराळीच. शिवाय आपले शब्द घरांच्या हिशोबाने आखूड असतात. बारामती बोलताना पुरेसे लांब वाटते, पण घरे अवघी चार. अक्षरे पुष्कळ आणि शब्द आखूड, अशा स्थितीत दोन शब्दांची गाठ पडणे सहजच दुर्मीळ होते. बारामती आणि इंदापूर यांस जोडावयाचे तर तिसरा शब्द मध्यस्थ आणावा लागतो. बारामती आडवे लिहून त्याच्या 'म'खाली 'मजूर' हा शब्द उभा लिहिला, तर त्याच्या शेवटच्या 'र'वर इंदापूर आडवे येऊन थांबते. अशा मध्यस्थांच्या शोधात मराठी कोडेकाराचे बहुतेक श्रम खर्ची पडतात, ही गोष्ट त्याचे दोष दाखविण्यापूर्वी न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे.

काही जण सुचवतील की, घरात केवळ व्यंजन धरावे आणि काना-मात्रा सोडून द्यावी, म्हणजे 'र' व 'रा' यांची गाठ पडेल. हा उपाय रोगापेक्षा भयंकर होय. मराठी वाचक अक्षर वाचतो. 'रा' हे त्याच्या डोळ्यांस एकच चिन्ह असते. त्याचे दोन तुकडे करून एक ठेवणे व एक टाकणे म्हणजे चौकटीच्या सोयीसाठी भाषा कापणे. उलट चौकटच अक्षराच्या मापाने बेतली पाहिजे.

मापाची गोष्ट निघाली आहे, तर इंदापूरचाच एक जुना दाखला येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल याने दख्खनच्या जमिनीची पाहणी केली आणि लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ इतका सरकारी हिस्सा ठरविला. विचार शास्त्रशुद्ध होता, कोष्टके सुबक होती. परंतु ते सारे परदेशी अर्थशास्त्राच्या पुस्तकातून उतरलेले होते. १८३० च्या सुमारास तो आकार इंदापूर तालुक्यात लागू झाला, आणि थोड्याच वर्षांत रयत जमिनी टाकून निघून जाऊ लागली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड याने आणि त्याच्यासह विंगेट याने त्याच तालुक्यात नवी पाहणी हाती घेतली. जमिनीचा कस प्रत्यक्ष पाहून प्रती लावल्या, झेपेल असा दर बसविला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. चौकोन आखण्यापूर्वी ज्यावर तो आखावयाचा त्याची प्रत ओळखावी, हा धडा इंदापूरच्या मातीने महसूलखात्यास दिला. शब्दकोड्याच्या खात्याने तो अद्याप घेतलेला दिसत नाही. तो न घेतल्याचे परिणाम चौकटीपेक्षा संकेतांत अधिक स्पष्ट दिसतात.

नेहमीच्या दैनिक कोड्यात बहुसंख्य संकेत एकाच जातीचे असतात: एक शब्द द्यावयाचा आणि त्याचा समानार्थी शब्द मागावयाचा. 'पाणी', घरे दोन. आता दोन घरांत बसणारे पाण्याचे शब्द पाहा: जल, नीर, तोय, अंबु, वारि. पाचही शुद्ध, पाचही कोशात सापडणारे. 'कमळ', घरे तीन. उत्तरे पंकज, नीरज, सरोज, जलज, अंबुज. आणि येथे मौज अशी की, उभ्या शब्दावरून शेवटचे अक्षर 'ज' आहे असे कळले तरी पाचांतील एकही शब्द बाद होत नाही. संस्कृत कोशाने दिलेली ही पर्यायांची श्रीमंती काव्यात भूषणास्पद आहे. कोड्यात ती बेशिस्त होऊन बसते.

इंग्रजीत असा सैल संकेत खपून जातो, कारण शब्दाची निम्मीशिम्मी अक्षरे आडव्या-उभ्या छेदांनी पडताळली जातात. संकेताने जे सिद्ध केले नाही ते छेद सिद्ध करतात. मराठीत छेद मुळातच विरळ. तेव्हा उत्तर सिद्ध करण्याचा भार संकेतानेच वाहिला पाहिजे. आमच्या मते मराठी शब्दकोड्याचा हा पहिला नियम होय: छेद जितके कमी, तितका संकेत काटेकोर. चालू रीत नेमकी याच्या उलट आहे. छेद कमी, आणि संकेत इंग्रजीपेक्षाही सैल. मग सोडवणाऱ्याने करावे काय? पाचांपैकी एक शब्द अंदाजाने लिहावा आणि दुसऱ्या दिवशी आपले नशीब पाहावे!

हा नशिबाचा शब्द आम्ही अतिशयोक्तीने योजलेला नाही. शब्दकोडे आणि जुगार यांचा संबंध आपल्याकडे एकदा थेट न्यायासनापर्यंत गेला होता. मोठमोठ्या रकमांच्या बक्षिसांची शब्दकोडी चालवून लोकांकडून प्रवेशमूल्य घेण्याचा धंदा स्वातंत्र्याच्या आगेमागे जोरात होता. मुंबई सरकारने १९४८ साली लॉटऱ्या व बक्षीसस्पर्धा यांच्यावर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा केला. १९५५ साली मध्यवर्ती कायदा होऊन महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धांस बंदी झाली. आर. एम. डी. चमारबागवाला हे अशा स्पर्धांचे चालक. त्यांचे दोन्ही कायद्यांविरुद्धचे झगडे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल १९५७ मध्ये त्यांचा निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की, ज्या स्पर्धेचे यश मुख्यतः बुद्धिकौशल्यावर अवलंबून नाही ती जुगारातच जमा. तिला व्यापाराचे घटनादत्त संरक्षण नाही. ज्या स्पर्धेत कौशल्याचा अंश भरीव, ती मात्र या निर्बंधात येत नाही.

कायद्याचा कीस येथे काढावयाचा नाही. आम्हांस त्यातील वाङ्मयीन तत्त्व महत्त्वाचे वाटते. दोन शब्द सारखेच योग्य असताना त्यांतील एकच 'बरोबर' ठरविणे म्हणजे ज्ञानाची परीक्षा सोडून देऊन सोडत काढणे होय. बक्षिसाची रक्कम नाहीशी झाल्याने हा दोष नाहीसा होत नाही. 'पाणी, घरे दोन' असा संकेत देऊन छेदाचा आधारही न देणारे आजचे निरुपद्रवी कोडे हे बिनपैशाची सोडतच होय. त्यात पैसे जात नाहीत हे खरे. पण 'नीर' लिहिणाऱ्या सुबुद्ध वाचकास दुसऱ्या दिवशी 'तोय' हे उत्तर दिसते, आणि आपले मराठी कच्चे, असा एक खोटा ग्रह त्याच्या मनात घर करतो. भाषेच्या नावाने भाषकाचाच आत्मविश्वास कमी करणे हा लहान अपराध नव्हे.

दुसरा दोष लेखनाचा. इंदापूर लिहिताना 'पू' दीर्घ. परंतु 'इंदापुरात' म्हणताच तो ऱ्हस्व होतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चारांची भर यांनी या बाबतीत बरीच निश्चिती आणली. तरीही एखाद्या कोड्यात इंदापूरच्या 'पू'मधून 'पुरण' खाली उतरलेले दिसते, आणि सोडवणाऱ्याने एका घरात ऱ्हस्व व दीर्घ असे दोन्ही वाचावे अशी अपेक्षा केली जाते. कवीस वृत्तासाठी अशी सवलत परंपरेने मिळते, पण ती उघड असते. कोडेकारास ती हवी असेल तर त्याने कोड्याच्या माथ्यावर तसे छापावे. न सांगता घेतलेली सवलत ही फसवणूक होय.

तिसरा दोष शब्दसंग्रहाचा. तोय, खग, नग, रव असे आखूड तत्सम शब्द छेदास सोयीचे म्हणून त्यांची तीच ती फेरी चालू राहते. त्यामुळे कोडेकाराच्या मराठीत नदी आहे पण पाट नाही, अरण्य आहे पण उसाचा फड नाही. वास्तविक बोलीतले शेतीचे शब्दही तितकेच आखूड आणि कितीतरी अधिक अर्थपूर्ण आहेत. बारामती-इंदापूरच्या बागाइतात रोज कानी पडणारे चार शब्द घेऊन आम्ही काही संकेत रचून पाहिले. 'यावर बसून जेवावे, यातून शेताला पाणी द्यावे. घरे दोन': पाट. 'उसाचाही असतो, तमाशाचाही असतो. घरे दोन': फड. 'शेतात पाणी नेते, दिशाही तितक्याच. घरे दोन': चारी. 'ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून फुटलेले पीक. घरे तीन': खोडवा. यांतील पहिल्या तिन्ही संकेतांत उत्तर दोन बाजूंनी पकडले जाते. एका बाजूने शंका आली तर दुसरी तिचे निरसन करते. छेद एकही नसला तरी चालते. दोन अर्थ एका शब्दात नांदविण्याची ही रीत आपल्या अलंकारशास्त्रात श्लेष या नावाने फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. विलायती कोड्यातून ती उसनी आणावयाची गरज नाही.

इंग्रजीतील गूढ संकेतांचा एक मोठा शास्ता मॅकनट हा 'झिमेनीझ' या टोपणनावाने कोडी रचीत असे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने संकेताचे घटक सांगितले ते असे: शब्दाची व्याख्या, शब्दाच्या घडणीची दुसरी खूण, आणि याखेरीज काहीही नाही. हे तत्त्व मराठी अक्षरास फार उत्तम मानवते. रोमन शब्द उलटला तर बहुधा निरर्थक गोळा होतो. मराठी शब्द अक्षराअक्षराने उलटला तर पुष्कळदा दुसरा जिवंत शब्द हाती येतो. 'दीन उलटला की भीमा होते, नीराही होते': नदी. 'काम उलटे केले तरी कणीस येते': मका. 'पसा उलटताच सळसळत गेला': साप. काना-मात्रेचाही असाच उपयोग होतो. 'पाण्यास शेवटी काना दिला की भीमेस मिळते': नीरा. ज्या अक्षरपद्धतीने छेदाच्या वेळी आपणांस अडविले, तीच संकेताच्या वेळी असे मोकळे रान देते. आमचे म्हणणे थोडक्यात हेच: मराठी शब्दकोड्याचे बळ चौकटीच्या विणीत नाही, संकेताच्या घडणीत आहे, आणि आपली दैनिके जे दुबळे त्यावर भिस्त ठेवून जे बळकट ते वाया घालवीत आहेत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. शब्दांची उलटापालट ही बुद्धीची कसरत. तिचे कौतुक करणे म्हणजे वाङ्मयात पुन्हा पांडित्याचा फुगारा आणणे होय, असे कोणी म्हणेल. या आक्षेपाचा विचार बारामतीत जितका नेमका होऊ शकतो तितका अन्यत्र क्वचितच होईल, कारण मोरोपंत (१७२९ ते १७९४) हे याच गावचे. पन्हाळ्यास जन्मलेले हे कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयास कऱ्हेकाठी येऊन राहिले, आणि त्यांनी रचिलेल्या रामायणांची संख्या एकशे आठ सांगतात. त्यांतील कित्येक स्वतःवर एखादा कडक निर्बंध घालून घेऊन रचिलेली आहेत. मंत्ररामायणात रामाचा त्रयोदशाक्षरी मंत्र अक्षराअक्षराने गुंफलेला आहे. निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारावयाची अक्षरे वर्ज्य. म्हणजे 'म' वर्ज्य. म्हणजे रामकथा सांगावयाची आणि 'राम' हा शब्दच उच्चारावयाचा नाही! ही चौकट कोणत्याही शब्दकोड्याहून कठीण आहे.

मोरोपंतांवर शब्दांच्या कसरतीचा आरोप टीकाकारांनी वारंवार केला, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. निरोष्ठ रामायण वाचून बुद्धी थक्क होते. 'केकावली' वाचून हृदय द्रवते. पहिले रचिले नसते तरी मोरोपंत थोर कवी राहिले असते, दुसरे रचिले नसते तर कदाचित नसते. तेव्हा नियम पाळणे म्हणजे काव्य नव्हे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु शब्दकोडे काव्य असल्याचा दावा करीतच नाही. त्याचा दावा एवढाच की, आपण एक नियम घालून घेतला आहे आणि तो पाळला आहे. त्या कसोटीवर मोरोपंतांचे वर्तन निर्दोष आहे. निर्बंध उघड आहे. ओठास ओठ लागतो की नाही, हे कोणीही मोठ्याने वाचून पडताळून पाहू शकतो. कवी वाचकावर मात करू पाहत नाही, वाचकाच्या हाती मापदंड देऊन त्याच्यासमोर स्वतःची परीक्षा देतो. आजच्या कोडेकाराने पंतांपासून घ्यावयाचे ते पांडित्य नव्हे, हा प्रामाणिकपणा. वाटल्यास पंतांच्याच गावावर एक संकेत करावा: 'बाप आणि ती, मध्ये उभा राम, घरे चार'. उत्तर बारामती, आणि ते उत्तर बरोबर आहे की नाही हे जाणण्यासाठी उद्याच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही.

असो. दैनिकाच्या संपादकांस रोज नवे कोडे हवे असते, जागा थोडी असते, आणि कोडेकाराच्या श्रमांची कदर त्याहूनही थोडी असते, हे आम्ही जाणतो. म्हणून आमची मागणी माफक आहे. चौकट लहान असली तरी चालेल, छेद विरळ असले तरी चालतील. परंतु एका संकेतास एकच उत्तर असावे. ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेतल्यास ती छापून घ्यावी. कोशातील एक मृत शब्द भरण्यापूर्वी शेतातील, स्वयंपाकघरातील, पेठेतील एक जिवंत शब्द शोधून पाहावा. आणि कोडेकाराचे नाव कोड्याखाली द्यावे. ज्याच्या कृतीखाली नाव येते त्यास वाचकांची पत्रे येतात, आणि पत्रे येऊ लागली की 'पाणी, घरे दोन' असे लिहिताना हात आपोआप थबकतो. कवितेखाली कवीचे नाव देणाऱ्या दैनिकांस ही गोष्ट अवघड वाटू नये.